पुरात बुडालेल्या स्पोर्ट्स कारमध्ये दमट हवेत पुन्हा पुन्हा उद्भवणारा विद्युत दोष : शोध आणि दुरुस्ती

लिलावातून घेतलेली, पुरात बुडून निघालेली दोन आसनांची एक स्पोर्ट्स कार मी गेले चौदा महिने उभी करत आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांचे काम पहिल्या पाच महिन्यांत मार्गी लागले. उरलेले नऊ महिने एकाच दोषाने घेतले. हवा कोरडी असली की गाडी निर्वेध चालत असे. पावसाळी किंवा धुक्याच्या रात्रीनंतर मात्र सकाळी एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा), स्टॅबिलिटी कंट्रोल आणि पॉवर स्टिअरिंग यांचे तिन्ही दिवे एकदम लागत, स्कॅनरवर यू०१२१ हा कोड, म्हणजे एबीएसच्या कंट्रोल युनिटशी संपर्क तुटल्याची नोंद, दिसे, आणि गाडी सलग तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी इतकी उतरे की सेल्फ मारल्यावर नुसता खटका ऐकू येई. दुपारपर्यंत हवा तापली की दिवे आपोआप विझत. कोड पुसून टाकला की दोन-तीन आठवडे सारे शांत राही आणि पुन्हा एखाद्या ओल्या सकाळी तेच दुखणे वर येई.

ज्यांच्या पूरग्रस्त गाडीत हेच घडत असेल त्यांनी नवे युनिट विकत घेण्यापूर्वी हे टिपण वाचावे, अशी माझी विनंती आहे. मी बॅटरी बदलली, अल्टरनेटर बदलला आणि एका गॅरेजच्या सल्ल्यावरून एबीएसचे संपूर्ण युनिटही बदलले; तिन्ही वेळा काही दिवस बरे वाटले आणि तिन्ही वेळा दोष जागच्या जागी राहिला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार होता. प्रत्येक वेळी भाग बदलताना गाडी दोन-तीन दिवस कोरड्या शेडमध्ये दरवाजे उघडे ठेवून उभी राहत होती आणि तेवढ्यानेच दोष तात्पुरता दबत होता, हे माझ्या लक्षात फार उशिरा आले. गुण आला तो नव्या भागामुळे नव्हे, तर कोरड्या हवेमुळे.

निष्कर्ष आधीच सांगतो. डाव्या दाराच्या उंबऱ्यालगत, कार्पेटच्या खाली बसवलेल्या एका कनेक्टरमध्ये पुराच्या पाण्यातले मीठ शिल्लक होते, त्याला जोडलेल्या वायरींच्या आवरणाच्या आत पाणी शिरलेले होते, आणि खालचा फोम त्या दोघांना सतत ओलावा पुरवत होता. या तिन्हींपैकी एकही गोष्ट मागे राहिली तर दोष परत येतो. माझ्याकडे तो दोनदा परत आला तो याच कारणाने.

दमट सकाळीच का

ही गाडी ज्या पुरात बुडाली त्यात भरतीचे खारे पाणी मिसळले होते. गाडी बाहेर काढल्यावर पाणी निघून गेले, सुकले, पण मीठ जिथल्या तिथे राहिले. साधे मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतून पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळू लागते. समुद्राच्या पाण्यात असणारे मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच हे काम सुरू करते. म्हणजे गाडीत पाण्याचा एक थेंबही नव्याने शिरला नाही, तरी पहाटेच्या दमट हवेत कनेक्टरच्या दोन पिनांमधला कोरडा पांढरट थर ओला होतो आणि वीज वाहून नेऊ लागतो. ऊन वाढले, आर्द्रता उतरली की तोच थर पुन्हा सुकतो आणि मेकॅनिकच्या हाती गाडी पोहोचेपर्यंत मोजायला काहीच उरत नाही. म्हणूनच असा दोष ज्या वेळी आणि ज्या हवेत दिसतो त्याच वेळी आणि त्याच हवेत मोजावा लागतो. दुपारी अकरा वाजता गॅरेजमध्ये घेतलेल्या मापांना येथे अर्थ नाही.

याच कारणाने माझी पहिली दुरुस्ती फसली. कनेक्टर उघडून मी त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारला, ब्रशने घासले, वाळवले आणि बंद केले. अल्कोहोल पाणी हाकलून लावते, परंतु मीठ त्यात जवळजवळ विरघळतच नाही. मी ओलावा काढला आणि ओलावा बोलावणारी वस्तू आत ठेवून झाकण लावले. मीठ काढायचे तर आधी पाणीच लागते, आणि तेही क्षाररहित. अल्कोहोलची पाळी त्यानंतरची.

दुसरी दुरुस्ती फसली ती वायरमुळे. वायरच्या आवरणाच्या आत तांब्याच्या अनेक बारीक तारा एकमेकींना चिकटून असतात आणि त्यांच्यामधल्या सूक्ष्म फटींतून पाणी, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे, आत ओढले जाते. कनेक्टर पाण्यात असताना त्याच्या पिनेमागून हे पाणी वायरमध्ये चढते आणि बाहेरून आवरण अगदी अखंड, स्वच्छ दिसत असताना आत तांब्यावर कळंक चढत राहतो. पिना कितीही लखलखीत केल्या तरी काही आठवड्यांत आतला खारा ओलावा पुन्हा पिनेपर्यंत उतरतो. शिवाय ज्या वायरीत कायम बॅटरीचा धन विद्युत दाब (व्होल्टेज) असतो तिथे ही झीज केवळ गंजण्याची राहत नाही. विद्युत विघटन सुरू होते, धन बाजूच्या पिनेचे तांबे विरघळून शेजारच्या पिनांकडे सरकते आणि तिथे हिरवा-निळा पूल बांधते. म्हणून पुरातून काढलेल्या गाडीची बॅटरी पहिल्या क्षणी सोडवावी असे सांगतात. लिलावाच्या आवारात माझ्या गाडीची बॅटरी किती दिवस जोडलेली होती हे मला कळले नाही, पण त्या धन पिनेची अवस्था पाहता ती बराच काळ जोडलेली असावी.

पाणरेषा

कोणतेही मीटर लावण्याआधी पाणी किती उंचीपर्यंत चढले होते हे ठरवणे हे या कामातले सर्वात मोलाचे पाऊल आहे आणि बहुतेक जण ते टाळतात. लिलावाच्या नोंदीत काय लिहिले आहे यावर विसंबू नये. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावा. गुंडाळून राहणारा भाग विक्रेत्याने धुतलेला नसतो आणि त्यावर गढुळ पाण्याची रेघ स्पष्ट दिसते. सीटच्या रुळांमध्ये, डॅशबोर्डच्या मागच्या धातूच्या पट्टीवर, डिकीतल्या अस्तराच्या मागे आणि हेडलॅम्पच्या आत साचलेला बारीक गाळ याच रेघेची साक्ष देतो. माझ्या गाडीत ही रेघ सीटच्या बैठकीच्या साधारण चार बोटे खाली होती. मी ती खडूने गाडीच्या आत सगळीकडे ओढली आणि वायरिंगच्या नकाशावरून त्या रेघेखाली येणारा प्रत्येक कनेक्टर, प्रत्येक जोड आणि प्रत्येक अर्थ पॉइंट (वायर जिथे गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते ती जागा) एका वहीत लिहून काढला. एकूण एकतीस जागा निघाल्या.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ही यादी इतर गाड्यांपेक्षा लांब होते. गाडीचा तळ जमिनीच्या जवळ असतो, बोनेटखाली जागा नसते आणि वजन खाली व मध्याकडे ठेवायचे असते, त्यामुळे जे इतर गाड्यांत उंचावर असते ते येथे पायाशी, सीटखाली किंवा डिकीत येते. १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये बॅटरी डिकीत होती. पोर्शच्या पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये अलार्म आणि सेंट्रल लॉकिंगचे युनिट सीटखाली जमिनीलगत बसवलेले होते. पूर तर दूरच, छताच्या पाण्याचा निचरा तुंबून आत थोडे पाणी साचले तरी ते निकामी होते, हे त्या गाडीच्या मालकांना चांगले ठाऊक आहे. ज्या पुरात एखाद्या मोठ्या गाडीचे फक्त कार्पेट भिजते, त्याच पुरात स्पोर्ट्स कारचा अर्धा मेंदू पाण्याखाली असतो.

सावधगिरी

सीटखाली हात घालण्यापूर्वी एअरबॅगविषयी सांगितलेच पाहिजे. पिवळ्या रंगाचे कनेक्टर आणि पिवळ्या आवरणातील वायरी एअरबॅग व अपघातात सीटबेल्ट ताणून धरणाऱ्या स्फोटक खेचकांच्या असतात. त्यांवर साधे मल्टिमीटर ओम मोजण्यासाठी कधीही लावू नये, कारण मीटरचा अल्पसा प्रवाहही त्यांना पेटवू शकतो. बॅटरी सोडवून, उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून मगच सीट काढावी. एअरबॅगचे जे भाग पाणरेषेखाली होते ते स्वच्छ करून परत वापरण्याचा विचारही करू नये, ते बदलावेत. मी इतरत्र अनेक भाग वाचवले, येथे एकही वाचवला नाही.

दुसरी गोष्ट आगीची. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळाच्या वेळी न्यू जर्सीतील न्यूअर्क बंदरावर उभ्या असलेल्या सोळा फिस्कर कर्मा गाड्या जळाल्या. कंपनीने तपासानंतर जे कारण दिले त्यात मोठ्या उच्च-दाबाच्या बॅटरीचा दोष नव्हता. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या एका कंट्रोल युनिटमध्ये राहिलेल्या मिठामुळे शॉर्ट सर्किट झाले, आणि त्या युनिटला वीज होती ती साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीची. खाऱ्या पाण्यातून निघालेली गाडी पूर्ण तपासून होईपर्यंत रात्री बॅटरी जोडलेली ठेवून बंद जागेत उभी करू नये, असे मी त्यामुळेच आग्रहाने सांगतो. गाडी हायब्रिड किंवा विजेवर चालणारी असेल तर उच्च-दाबाच्या नारिंगी केबलच्या कोणत्याही भागाला प्रशिक्षण नसताना हात लावू नये. पुढे दिलेली मापे १२ व्होल्टच्या बाजूपुरतीच आहेत.

मोजमाप

मी सुरुवात बॅटरी उतरण्यापासून केली, कारण ते लक्षण आकड्यात पकडता येते. पूर्ण भरलेल्या शिशाच्या बॅटरीचा विश्रांतीतील दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो आणि १२.२ ला ती जवळपास अर्धी रिकामी झालेली असते. मीटर १० अँपिअरच्या खाचेत जोडून बॅटरीच्या ऋण केबलशी मालिकेत लावले, दरवाजाचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत फिरवले म्हणजे दार उघडे असूनही गाडीला ते बंद वाटेल, किल्ली दूर नेऊन ठेवली आणि वाट पाहिली. मीटर असे लावलेले असताना सेल्फ मारू नये. मीटरचा फ्यूज त्याच क्षणी जातो. आधुनिक गाडीची युनिट्स झोपी जायला वीस मिनिटांपासून तासभर लागू शकतो आणि त्यानंतर एकूण प्रवाह साधारण ५० मिलिअँपिअरच्या खाली आला पाहिजे. माझ्या गाडीत कोरड्या दिवशी तो २२ वर येऊन थांबत असे. ओल्या रात्री तो खाली येई, दहा-बारा मिनिटे राही आणि अचानक उसळी मारून ४२० च्या आसपास जाऊन तिथेच बसे. ४२० मिलिअँपिअर म्हणजे चोवीस तासांत १० अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत अर्धी होते. गाडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी का बसत होती याचा हिशेब येथे जुळला.

प्रवाह सतत वाहत असता तर मी एखादा चिकटलेला रिले शोधत बसलो असतो. पण तो उसळी मारत होता, म्हणजे झोपलेल्या युनिटला कोणीतरी उठवत होते. एका रात्री मी गाडीपासून काही पावलांवर खुर्ची टाकून बसलो. गाडी कुलूपबंद, दिवे बंद. दोनच्या सुमारास, कोणीही हात लावलेला नसताना, डॅशबोर्डवरच्या काचेवर किलोमीटरचा आकडा मंद उजळला आणि त्याखाली डावे दार उघडे असल्याचे चित्र आले; काही सेकंदांत ते विझले आणि पुन्हा आले. दार घट्ट बंद होते. नऊ महिन्यांत मला मिळालेला हा पहिला खरा पुरावा होता, आणि तो कोणत्याही स्कॅनरने दिलेला नव्हता. डाव्या दाराच्या स्विचची वायर कुठेतरी अर्थशी गळत होती. दारे, दिवे, कुलपे सांभाळणाऱ्या बॉडी कंट्रोल युनिटला वाटत होते की मालक आला, आणि ते साऱ्या गाडीला जागे करत होते.

एबीएसचा संपर्क तुटण्याचा याच्याशी संबंध आहे का, हे पाहण्यासाठी दुसरे माप घेतले. गाडीतील युनिट्स एकमेकांशी कॅन बस नावाच्या दोन पिळदार वायरींवरून बोलतात. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये जाहीर केली. या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा एकेक रोधक असतो आणि ते दोन्ही समांतर असल्यामुळे मधून कुठूनही मोजले तरी ६० ओम यायला हवेत. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या निदान सॉकेटमध्ये ही जोडी सहसा ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांवर असते, मात्र काही गाड्यांत सॉकेट आणि बस यांच्यामध्ये गेटवे युनिट (संदेश पुढे पाठवणारा मध्यस्थ) असते आणि मग हे माप आत जाऊन घ्यावे लागते. बॅटरी सोडवून मोजायचे, हे विसरू नये. आकडा १२० आला तर एका टोकाचा रोधक वाटेत तुटलेला असतो; ६० पेक्षा बराच कमी आला तर दोन वायरींमध्ये काहीतरी गळते आहे. माझ्याकडे दुपारी ६० येत होते. पहाटे साडेपाचला, काचांवर दव असताना, ४७ आले. ६० ओमशी समांतर किती रोध आला की ४७ होतात, याचे गणित केले तर उत्तर २१७ ओम येते. दोन वायरींमध्ये दोनशे-सव्वादोनशे ओमची ओली वाट तयार झालेली होती.

आता जागा शोधायची. येथे मी जी युक्ती केली ती सर्वांना उपयोगी पडेल असे वाटते. मीटर त्या दोन पिनांवर तसेच जोडून, पडदा बाहेरून दिसेल असे ठेवले आणि केस वाळवण्याच्या साध्या ड्रायरने, मंद उष्णतेवर, यादीतील एकेक जागा तीन-तीन मिनिटे वाळवत गेलो. बॅटरीच्या बाजूने सुरुवात केली, आकडा ४७. उजव्या सीटखाली ४७. दोन सीटांमधल्या उंच बोगद्याजवळ एकदा ४८ झाला आणि परत आला. डाव्या उंबऱ्याची प्लास्टिकची पट्टी काढून, कार्पेटची कड उचलून आत गरम हवा सोडली तेव्हा आकडा हलू लागला : ५१, ५३, ५६, आणि सातव्या मिनिटाला ६०. खात्रीसाठी त्याच कनेक्टरभोवती ओले फडके गुंडाळून वीस मिनिटे ठेवले. आकडा ४९ वर उतरला. शंकेला जागा उरली नाही.

हेच काम उलट दिशेने, म्हणजे कोरड्या दिवशी एकेक कनेक्टर वाफेने किंवा ओल्या फडक्याने ओला करून करता येते. मात्र तेव्हा एका वेळी एकच जागा ओली करावी आणि ती पूर्ण सुकल्याशिवाय पुढे जाऊ नये, नाहीतर कोणत्या जागेने आकडा हलवला हे सांगता येत नाही.

कनेक्टरच्या आत

कनेक्टर बावीस पिनांचा होता. त्याचा खटका दाबून दोन्ही अर्धे वेगळे केले तेव्हा आतून पिठासारखा बारीक, राखाडी गाळ बोटांवर आला. रबराची सील शाबूत होती, आणि हेच दुर्दैव ठरले होते. जी सील पाणी आत येऊ देत नाही ती एकदा आत गेलेले पाणी बाहेरही पडू देत नाही. कायम धन दाबाची पिन टोकाला झिजून काळा खुंट उरला होता. तिच्या एका बाजूला कॅनची जोडी, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि दाराच्या स्विचची पिन, आणि या पाचही पिनांच्या मुळाशी हिरवा, ओलसर, साखरेच्या पाकासारखा चिकट थर पसरलेला होता. एकाच कनेक्टरने दोन वेगळी वाटणारी लक्षणे दिली होती : स्विचची पिन अर्थशी गळून बॅटरी उतरवत होती, आणि कॅनची जोडी एकमेकींत गळून एबीएसचा संपर्क तोडत होती.

धन वायरचे आवरण मी कनेक्टरपासून थोडे मागे चिरले. आत चकचकीत तांबे दिसण्याऐवजी कोळशासारख्या काळ्या तारा होत्या, नखाने दाबल्यावर त्यांची भुकटी झाली. एकेक सेंटिमीटर मागे जात राहिलो. लालसर, स्वच्छ तांबे लागले ते अठराव्या सेंटिमीटरला. कॅनच्या वायरींमध्ये ही लांबी सात सेंटिमीटर होती. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. अशा सडलेल्या वायरीची अखंडता ओममीटरने तपासली तर ती बहुधा ठीक दाखवते, कारण एक तार जरी शिल्लक असली तरी मीटरच्या क्षुल्लक प्रवाहाला ती पुरते. खरे माप भार असताना दाब किती पडतो याचे आहे : त्या वायरीवरचा दिवा किंवा मोटार चालू ठेवून वायरीच्या दोन टोकांवर व्होल्टमीटर लावावा. अर्थच्या बाजूला ०.१ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर ती वायर किंवा तो बोल्ट संशयित समजावा.

दुरुस्ती

कनेक्टरचे दोन्ही अर्धे मी नवे घेतले. जुना वाचवता आला असता, पण पाच पिना गेल्यावर बाकीच्या सतरांवर विश्वास ठेवणे मला योग्य वाटले नाही. प्रत्येक वायर स्वच्छ तांबे लागेपर्यंत कापली, त्याच जाडीचा नवा तुकडा योग्य मापाच्या क्रिंपने (दाबून बसवायच्या धातूच्या नळीने) जोडला आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आकसणारी नळी) चढवली. गोंद नसलेली स्लीव्ह ओलावा थांबवत नाही. सर्व जोड एकाच जागी न ठेवता मागे-पुढे ठेवले म्हणजे हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) गाठ येत नाही. कॅनच्या दोन वायरींचा पीळ जोडाच्या अगदी जवळपर्यंत कायम ठेवला, कारण बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही वायरींवर सारखाच पडावा यासाठीच तो पीळ असतो आणि तो लांबवर उकलला तर नवा दोष विकत घेतल्यासारखे होते.

यादीतील उरलेले तीस कनेक्टर आणि अर्थ पॉइंट उघडून पाहिले. त्यांपैकी आणखी चारांमध्ये गाळ होता, पण वायरी आतून स्वच्छ होत्या. ते मी डिस्टिल्ड पाण्याने धुतले, आणि धुतलेले पाणी दर वेळी वाटीत धरून पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या घरगुती टीडीएस मीटरने मोजले. डिस्टिल्ड पाण्याचा आकडा शून्याच्या जवळ असतो. पहिल्या धुण्याचे पाणी ३४० दाखवत होते, पाचव्या धुण्याला ते ६ वर आले. मीठ निघाले की नाही याचा याहून सोपा पुरावा मला ठाऊक नाही. त्यानंतर अल्कोहोलने पाणी काढले, दोन दिवस उबदार हवेत वाळवले आणि सीलवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात दिला. ग्रीस आधी आणि वाळवणे नंतर, असे कधीही करू नये.

राहिला फोम. कार्पेट वरून हाताला कोरडे लागत होते आणि म्हणूनच मी ते नऊ महिने तसेच राहू दिले, ही माझी सर्वात मोठी चूक होती. या गाडीत कार्पेटला खालून तीन बोटे जाडीचा साचेबंद फोम चिकटवलेला आहे. तो उचलून, खाली कोरडे सुती कापड घालून गुडघ्याने दाबला तेव्हा कापडावर ओली, तपकिरी ठसठशीत खूण उमटली. पूर येऊन गेल्याला तेव्हा वर्ष उलटून गेले होते. हा फोम धुऊन, वाळवून परत बसवता येतो असे काही जण सांगतात. मी एक तुकडा धुऊन पाहिला, तो उन्हात आठवडाभर ठेवूनही मधोमध दमट राहिला. म्हणून पूर्ण फोम काढून टाकला, तळाच्या पत्र्यातील निचऱ्याची रबरी बुचे काढून भोके मोकळी केली, पत्रा गोड्या पाण्याने दोनदा धुतला, वाळवला, गंजलेल्या ठिकाणी प्रायमर व रंग दिला आणि मगच नवा फोम बसवला. हार्नेस परत बसवताना तो कनेक्टर मी उंबऱ्याच्या तळाशी न ठेवता थोडा वर, कंसाला बांधला. वायरीची ढील तेवढी होती.

स्कॅनरने सर्व कोड शेवटी पुसले, आधी नाही. दुरुस्ती होण्यापूर्वी कोड पुसल्याने दोष कोणत्या क्षणी, कोणत्या वेगाला आणि किती दाबाला नोंदला गेला ही माहितीही पुसली जाते, आणि असल्या लपंडाव खेळणाऱ्या दोषात तीच माहिती हाताशी असते.

त्यानंतर सहा आठवडे मी दर पहाटे एकच काम केले : बॅटरी सोडवून ६ आणि १४ या पिनांवरचा आकडा वहीत लिहिला आणि शेजारी हवेतील आर्द्रता लिहिली. आर्द्रता ५८ पासून ९६ टक्क्यांपर्यंत फिरली, आकडा ६० वरून हलला नाही. झोपलेल्या गाडीचा प्रवाह तीन वेगवेगळ्या ओल्या रात्री मोजला, तिन्ही वेळा तो २२ मिलिअँपिअर होता. त्यानंतर गाडी बॅटरी जोडून अकरा दिवस हलवली नाही. बाराव्या दिवशी बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते आणि पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झाले. वहीतल्या एकतीस जागांपैकी उजव्या सीटखालच्या एका कनेक्टरविषयी अजून शंका आहे. त्यात गाळ नव्हता, पण एका पिनेच्या मुळाशी फिकट हिरवी कड दिसली होती, म्हणून तो येत्या ओल्या हंगामाआधी पुन्हा उघडून पाहणार आहे.